थंडोबाचं नाक

बारमध्ये काम करणाऱ्यांचे दोनच प्रकार, वरचे आणि खालचे. मी वरचा. काउंटरमागे उभं राहायचं, तोटी ओढायची, ग्लास तिरका धरून भरायचा, वर दोन बोटं फेस ठेवायचा, आणि "फेसच पाजतोस का रे?" असं कुणी म्हणालं की हसायचं. हा विनोद मी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलाय, की हसू आता जांभईसारखं आपोआप येतं. थंडोबा खालचा. खालचा म्हणजे तळघरातला, जिथे बिअरची पिंपं ठेवतात.

गिऱ्हाइकाला तळघर असतं हेच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी बिअर तोटीतून येते. उभा जिना उतरून गेलं की एक पिवळा दिवा, जाड दार, आणि दारामागे थंड खोली. स्टीलची पिंपं रांगेने उभी, बिअर वर ढकलणाऱ्या गॅसच्या टाक्या साखळीने भिंतीला बांधलेल्या, आणि पिंपांच्या डोक्यांवरून निघालेल्या नळ्या छतातून वर माझ्या तोट्यांपर्यंत गेलेल्या. आत कायम तीन-चार अंश. बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी थंडोबा कोपराला ठिगळं लावलेला स्वेटर आणि कानटोपी घालून वावरायचा. दुपारी जेवायला वर आला की गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून आपसांत हसायची, आणि तो त्यांच्या हातातल्या ग्लासांकडे बघून मनातल्या मनात काहीतरी तपासायचा.

थंडोबा हे नाव मीच ठेवलेलं. एक तर थंड खोलीतला माणूस, आणि दुसरं म्हणजे घराला आग लागली तरी आधी चप्पल शोधेल असा स्वभाव. वर गर्दी उसळलेली, तोटीतून नुसता फेस येतोय, मी जिन्यातून बोंबलतोय, आणि हा खालून शांतपणे म्हणणार, "नवं पिंप आहे, प्रवासात हिंदकळलंय. त्याला जरा पडू दे." पिंप होतं की बाळंतीण, कुणास ठाऊक.

पण कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडीतून पिंपं उतरली की प्रत्येकावर खडूने तारीख. जुनं पुढे, नवं मागे. म्हणजे दर वेळी जुनी सगळी जड धुडं पुढे ओढायची आणि नवी मागे ढकलायची. या ढकलाढकलीत त्याची कंबर गेली, पण क्रम कधी चुकला नाही.

बिअर किती दिवस टिकते, असं त्याला विचारलं की तो आधी उलट विचारायचा, "कुठली? कुठे ठेवलेली? कुणी हाताळलेली?" मग सावकाश सांगायचा. कारखान्यात गरम करून भरलेली असेल तर थंडीत तीन-चार महिने. तशीच कच्ची भरलेली असेल तर दीड-दोन महिने, तेही मधे एकदाही ऊब लागली नाही तर. उघडून गॅसवर जोडली की काही आठवडे तग धरते, कारण वरून गॅस दाब देतो आणि हवा आत शिरत नाही.

"आणि हवा शिरली तर?"

"तर आज संध्याकाळी प्यायची आणि उद्या मोरीत ओतायची."

हे उत्तर त्याने एकदा मालकांच्या मेहुण्याला दिलं होतं. मेहुणा म्हणजे मालकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन धंदे बुडवून झाल्यावर बहिणीने त्याला 'जरा मदतीला' म्हणून आमच्याकडे आणून बसवलेला. त्याची मदत म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तो थंडोबाला म्हणाला, "काका, दारू जुनी तेवढी चांगली असते, एवढं पण माहीत नाही का तुम्हाला?"

"ती दारू," थंडोबा म्हणाला. "ही बिअर. ही पावासारखी. आज मऊ, परवा शिळी."

मेहुण्याने खांदे उडवले. त्याचा डोळा तळघरावर होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मालकही एक-दोनदा बोलून गेले होते की थंडोबा थकला की खालचं सगळं मेहुण्याकडे देऊ. थंडोबा थकला होताच. फक्त ते मालकांना दिसू द्यायचं नव्हतं.

रोज सकाळी बार उघडण्याआधी आमचा एक नेम होता. प्रत्येक तोटीतून मी दोन ग्लास काढायचे. पहिला ग्लास नळीचा, रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर, तो टाकून द्यायचा. दुसरा ग्लास पिंपाचा. तो थंडोबा नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचा, एक घोट जिभेवर फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. मग म्हणायचा, "लाव." त्याने "लाव" म्हटल्याशिवाय मी एकाही गिऱ्हाइकाला ग्लास दिला नाही. माझं स्वतःचं नाक सिगारेटींनी कधीच जाळून टाकलंय. मला पेट्रोल आणि गुलाब यांतला फरक कळतो, बाकी सगळं सारखंच.

आता वहिनींचं सांगतो. थंडोबाची बायको. आयुष्यात बिअरचा थेंब ओठाला लावला नाही आणि वास तर सोसवत नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्या घराच्या दाराबाहेर एक खिळा आहे. थंडोबाने कामावरून यायचं, शर्ट आणि स्वेटर काढून खिळ्यावर टांगायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. पावसात, थंडीत, पाहुणे आलेले असोत नसोत, नवरा दारात बनियनवर उभा. शेजारणी आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग त्यांना सवय झाली.

गंमत म्हणजे त्या शर्टावरून वहिनींना तळघरात काय झालं ते सगळं कळायचं. "आज नळ्या धुतल्या वाटतं." "आज एखादं पिंप सांडलं का?" एकदा म्हणाल्या, "काल आंबट होतं, आज नाही. टाकून दिलंत ना ते?" थंडोबा मला हे कौतुकाने सांगायचा. "कुत्र्याचं नाक आहे हिचं," म्हणायचा. हे कौतुक त्याने घरी बोलून दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला. चांगला सडकून आला, आठवडाभर अंथरुणात होता. उठला, कामावर आला, पुन्हा ढकलाढकली सुरू. सकाळी दुसरा ग्लास नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचा, "लाव." मला काहीच वेगळं दिसलं नाही.

कळलं ते वहिनींना, आणि तेही दुधामुळे. थंडोबा स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून मटार सोलत बसला होता. मागे शेगडीवर दूध उतू गेलं, जळलं, पातेलं काळं पडलं. वहिनी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्या वासाने धावत आत आल्या, आणि हा आपला शांतपणे मटार सोलतोय.

"अहो, दूध!"

"काय झालं दुधाला?" त्याने विचारलं.

वहिनी जळकं पातेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हे त्यांनीच मला सांगितलं नंतर. म्हणाल्या, "भाऊजी, त्या क्षणी मला कळून चुकलं. यांचं नाक गेलं म्हणजे यांचं काय राहिलं?"

डॉक्टरांनी तपासलं. येईल परत किंवा येणार नाही, म्हणाले. डॉक्टर लोकांचं हे बरं असतं, दोन्हीतलं एक खरं होतंच.

जीभ होती शाबूत. गोड, कडू, आंबट एवढं जिभेला कळत होतं. म्हणजे पिंप आंबलं तर थंडोबा पकडू शकत होता. पण बिअर शिळी होते तेव्हा ती आंबट होत नाही. ती नुसती म्हातारी होते, आणि ते म्हातारपण फक्त नाकाला कळतं. मालकांना हे समजलं असतं तर त्याच दिवशी तळघराची किल्ली मेहुण्याच्या खिशात गेली असती. ज्या खोलीत उभं आयुष्य गारठून काढलं, तिथून 'नाक गेलेला माणूस' म्हणून बाहेर पडायचं, ही कल्पनाच थंडोबाला सहन होत नव्हती. मला त्याने हे सांगितलं तेव्हा तो एका पिंपावरची खडूची तारीख पुन्हा पुन्हा गिरवत होता.

मग वहिनी यायला लागल्या. डबा विसरल्याचं निमित्त. माणूस आठवड्यातून एकदा डबा विसरतो. थंडोबा रोज विसरायला लागला. बार उघडण्याआधी वहिनी मागच्या दाराने यायच्या, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या, गुडघा दुखरा, त्यात जिना उभा. मी वरून दुसरे ग्लास ट्रेमध्ये घेऊन खाली जायचो. वहिनी नाकाला रुमाल लावून बसलेल्या असायच्या. थंडोबा एकेक ग्लास पुढे करायचा, त्या रुमाल बाजूला करून वास घ्यायच्या आणि लगेच रुमाल परत.

धंद्यातले शब्द त्यांना ठाऊक नव्हते. त्या आपल्या घरातले शब्द सांगायच्या.

"हे बरं आहे."

"याला लोण्याचा वास येतोय." म्हणजे नळी धुवायला झाली.

"हे ओल्या पुठ्ठ्यासारखं." म्हणजे पिंप म्हातारं झालं.

"एवढं वाईट नसेल," थंडोबा कधी कधी म्हणायचा. अर्धं पिंप ओतून द्यायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

"शिळं ते शिळं," वहिनी म्हणायच्या. "मला विचारलंत ना? मग माझ्याशी वाद नको." त्या कधीही, एकदाही, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून वास गोड करून सांगत नसत. मला तर त्यांची भीतीच वाटायची. माझ्या बायकोचं नाक असं असतं तर मी कुठल्या दाराबाहेर उभा असतो, देव जाणे.

पण त्या थकत चालल्या होत्या. पहाटे उठून घरचं सगळं उरकायचं, बस धरायची, हा जिना उतरायचा, न सोसणारा वास नाकात भरून घ्यायचा आणि पुन्हा जिना चढायचा. एकदा त्या मधल्या पायरीवर बसूनच राहिल्या. मी म्हटलं, "पाणी आणू का?"

"नको. भाऊजी, एक विचारू? अजून किती दिवस असं चालणार?"

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"मला यांना घरी आणायचंय," त्या म्हणाल्या. "कंबर गेली, नाक गेलं, आता काय फुप्फुसं जायची वाट बघायची? पण हाकलून दिलेला माणूस मला घरी नकोय. असा माणूस घरी येतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. माझ्या वडिलांचं बघितलंय मी. यांनी स्वतःच्या तोंडाने 'पुरे' म्हणायला हवं. तोपर्यंत येईन मी. नाकी नऊ आले तरी येईन."

त्यांचं वाक्य संपलं, त्या कठडा धरून उठल्या आणि निघून गेल्या. त्या सकाळी मला थंडोबाचा फार राग आला. त्याला दिसत नव्हतं असं नाही. बघायची हिंमत होत नव्हती.

आणि मग मेहुण्याने त्याच्या मित्रांसाठी बागेत पार्टी ठेवली. मालकांना विचारून एक पिंप घेऊन गेला. पण गॅसची टाकी कोण उचलून नेणार? म्हणून याने कुठून तरी हातपंप पैदा केला. हातपंपाने बिअर वर चढते खरी, पण गॅसने नाही, हवेने. रात्री पार्टी झाली, अर्धं पिंप उरलं. टाकून द्यायचं सोडून हा शहाणा दुसऱ्या दिवशी ते परत घेऊन आला आणि थंड खोलीत नेऊन ठेवलं. वर पुसून लख्ख केलं, खडूची तारीखही पुसली. स्वच्छतेची आवड म्हणे.

थंडोबाने पिंप हलवून बघितलं आणि विचारलं, "अर्धं आहे. कशावर चालवलंत?"

"बिअर तोटीतनं येते काका, अजून कशावर?"

"गॅस होता की हातपंप?"

"हवा काय आणि गॅस काय, दोन्ही दिसत नाहीत," मेहुणा म्हणाला आणि शीळ वाजवत वर गेला.

आता इथे थंडोबाची खरी पंचाईत झाली. त्याचाच नियम होता, शंका आली की ओता. पण ओतलं असतं तर मेहुणा मालकांकडे गेला असता, मालक म्हणाले असते, "वास घेऊन सांग ना, खराब आहे का?" आणि नेमका त्याच दिवशी वहिनींचा गुडघा टम्म सुजलेला. सकाळी त्या आल्याच नव्हत्या. शनिवार होता, त्या जातीचं दुसरं पिंप नव्हतं. थंडोबाने ते पिंप जोडलं, मी दुसरा ग्लास घेऊन खाली गेलो. त्याने तो नाकाखाली धरला. डोळे मिटले. घोट घेतला, बराच वेळ जिभेवर फिरवला.

"आंबट नाही," तो म्हणाला.

"मग?"

त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "लाव."

दुपारी पहिलं टेबल कुरकुरलं. एकाने ग्लास सरकवला, म्हणाला, "हे काय, कागद भिजवलाय का यात?" मग दुसऱ्या टेबलावरचा. मग चौघं एकदम उठून गेले. मालक गल्ल्यावर बसले होते, त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला म्हणाले, "याचा एक आणि चांगल्या तोटीचा एक भर. चल खाली." मागोमाग मेहुणाही उतरला, तमाशा बघायला.

तळघरात थंडोबा पिंपं पुसत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. मालकांनी दोन्ही ग्लास उलट्या ठेवलेल्या क्रेटवर ठेवले.

"या दोनातला एक मी कुत्र्यालाही देणार नाही," मालक म्हणाले. "आणि तू सकाळी पास केलायस. मेहुणा म्हणतोय म्हाताऱ्याला आता वासच येत नाही. मी म्हटलं, शक्य नाही. सांग बाबा, यातला खराब कुठला?"

मालक तसे वाईट नाहीत. त्यांच्या आवाजात विनवणीच होती. त्यांनाही थंडोबाने बरोबर सांगावं असंच वाटत होतं, कारण नाहीतर घरी बायकोसमोर त्यांचंच तोंड बंद होणार होतं. दोन्ही ग्लास दिसायला अगदी सारखे होते.

आणि तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले. एक पाय टेकवत, एक ओढत. वहिनी. गुडघ्याला पट्टा, हातात डबा. घरी स्वस्थ बसवेना म्हणून तशाच लंगडत आल्या होत्या. त्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या, मालकांच्या बरोबर मागे. मालकांचं आणि मेहुण्याचं तिकडे लक्ष नव्हतं. थंडोबाचं तोंड मात्र जिन्याकडे होतं, आणि मी बाजूला उभा होतो, मला दोघंही दिसत होते.

मालकांनी एक ग्लास उचलून वर धरला. "हा?"

वहिनींचा चेहरा हलला नाही.

मालकांनी दुसरा उचलला. "की हा?"

वहिनींनी नाक मुरडलं. एवढ्या लांबून! कपाळाला आठी पडली, ओठ आवळले गेले, आणि हात रुमालाकडे गेला. मुद्दाम केलं नसावं, पण ते इतकं स्पष्ट होतं की आंधळ्यालाही दिसावं. मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, वाचला. आता नुसतं बोट दाखवायचं, "हा खराब, आणि हे मेहुण्याने हवा भरलेलं पिंप आहे," असं सांगायचं, आणि मेहुण्याचंच नाक कापलं जाणार.

थंडोबाने बोट उचललं नाही. तो वहिनींकडे बघत होता. चेहऱ्याकडे नव्हे. त्यांचा एक हात भिंतीला टेकलेला होता, दुसऱ्यात डबा होता, आणि सगळा भार एका पायावर होता. श्वास लागला होता. तो बघत राहिला. इतके महिने जे बघायचं त्याने टाळलं होतं, ते त्याने तेव्हा पोटभर बघून घेतलं.

मग म्हणाला, "मालक, मला सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"वास येत नाही मला. हिवाळ्यात ताप आला तेव्हापासून. रोज ही येऊन वास घेत होती. आज आली नाही, पिंप हातपंपावर चाललेलं होतं, तरी मी अंदाजाने लाव म्हटलं. चूक माझी आहे." आणि जरा थांबून म्हणाला, "पुरे झालं आता."

मेहुण्याने काहीतरी विजयी बोलायला तोंड उघडलं, पण मालकांनी हात वर केला. ते वळले, वहिनींना बघून दचकले, आणि त्यांना बसायला स्वतः क्रेट सरकवून दिलं. "आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाले, आणि कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

वहिनी बसल्या नाहीत. मेहुण्याकडे बघून म्हणाल्या, "पंपाने हवा जाते, गॅसने जात नाही. एवढं तरी शिकून घ्या, भाऊ. आता तुमच्याच गळ्यात आहे हे." मेहुणा हवा आणि गॅस दोन्ही दिसत नाहीत हे म्हणायचं विसरला.

वर जाताना मी त्यांच्या मागे होतो. थंडोबाने वहिनींना दंडाला धरलं होतं. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच धरलं असावं, कारण दोघांनाही ते नीट जमत नव्हतं. मधल्या पायरीवर वहिनी थांबल्या आणि दबक्या आवाजात त्याच्यावर बरसल्या.

"मी नाक मुरडलं ते दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं," थंडोबा म्हणाला.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला," आणि उरलेल्या पायऱ्या दोघं चढले.

त्यानंतर आठवडाभर तो आला, मेहुण्याला सगळं दाखवलं. जुनं पुढे, नवं मागे. पिंप आडवं करायचं नाही, उघड्या दारापाशी ठेवायचं नाही, गारवा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही, आल्या दिवशी जोडायचं नाही, एक दिवस थंडीत निवू द्यायचं. मेहुणा मान डोलवायचा. आयत्या बिळावर नागोबा, त्याला काय? शेवटच्या दिवशी थंडोबाने कानटोपी खुंटीला टांगली आणि खडूचा तुकडा खिशात टाकला. बाकी काही नेलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून मी तोट्यांतून दोन-दोन ग्लास काढतो, पहिला टाकतो आणि दुसरा हातात घेऊन उभा राहतो. "लाव" म्हणणारं कुणी नाही. मेहुणा उठतोच उशिरा. मग मीच लावतो. मला फार एकटं वाटतं तेव्हा, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पहिल्याच सुट्टीला मी त्यांच्या घरी गेलो. दाराबाहेरचा खिळा रिकामा होता. थंडोबा भिंतीकडे तोंड करून बसला असेल या भीतीनेच गेलो होतो खरं तर. पण तो स्वयंपाकघरात होता, आणि वहिनींच्या डोक्याला ताप झाला होता. त्याने फडताळातल्या सगळ्या बरण्या खाली काढल्या होत्या, प्रत्येकीवर खडूने तारीख घातली होती, आणि आता जुनी डाळ पुढे, नवी मागे असं लावणं चाललं होतं.

"बघा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "सकाळी मला मीठ सापडेना. मीठ कधी शिळं होतं का? पण नाही. मिठालाही तारीख."

"दमट हवेत बिघडतं ते," थंडोबा आतून म्हणाला.

"चहा ठेवा आता, पाहुणे आलेत."

त्याने पातेल्यात दूध घेतलं. मग थोडं पेल्यात ओतून तो वहिनींकडे वळला, आणि जसा तळघरात ग्लास पुढे करायचा तसाच तो पेला त्याने त्यांच्या नाकासमोर धरला. चेहऱ्यावर तसंच वाट बघणं. "बघ गं. रात्री फ्रिजमध्ये ठेवायचं राहिलं बहुतेक माझ्याकडून. बाहेरच होतं."

जन्मभर पिंपांना ऊब लागू दिली नाही, आणि दूध बाहेर राहिलं.

वहिनींनी पेला हातात घेतला. वास घेतला. त्यांना किती वेळ लागायचा ते मला ठाऊक होतं, एवढासाही नाही. आज त्यांनी पेला दोन वेळा नाकाला लावला.

"ताजं आहे," त्या म्हणाल्या.

थंडोबाचा चेहरा उजळला. त्याने पातेलं शेगडीवर ठेवलं आणि मला मेहुण्याबद्दल विचारायला लागला. थंड खोलीची मोटर नीट चालतेय का, नळ्या धुतल्या का. मी काहीबाही सांगत होतो. आणि बोलता बोलता आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर पातेल्यातलं दूध फाटलं. पाणी वेगळं झालं, गुठळ्या वेगळ्या.

थंडोबा पातेल्याकडे बघत राहिला. मग वहिनींकडे.

"नाक गेलंय गं माझं," तो हळूच म्हणाला. "डोळे नाही."

मला वाटलं वहिनी काहीतरी फटकन बोलतील. त्या तशाच स्टुलावर बसल्या, पट्टा बांधलेला पाय लांब केला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी.

"थकले मी," त्या म्हणाल्या. "रोज रोज तुम्हाला शिळं, शिळं असं सांगून थकले. एक दिवस नाही सांगावंसं वाटलं."

थंडोबाने शेगडी बंद केली. तो त्यांच्याजवळ गेला आणि काय करावं हे न कळून तसाच उभा राहिला, मग खडूने पांढरा झालेला हात त्याने त्यांच्या डोक्यावर ठेवला. त्यांच्या केसांना खडू लागला. त्यांनी तो झटकला नाही.

थोड्या वेळाने थंडोबाने दुसरं पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, आणि आम्ही तिघं बिनदुधाचा चहा प्यायलो.